दुसरी टॅब उघडायला शिकवणारे धडे : नववीच्या वर्गातला अनुभव

गेल्या जूनपासून मी नववीच्या वर्गावर ‘सिव्हिक ऑनलाइन रीझनिंग’चे, म्हणजे इंटरनेटवरची माहिती पारखायला शिकवणारे, धडे घेतेय. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग यांच्या गटाने ते तयार केले. हा गट आता ‘डिजिटल इन्क्वायरी ग्रुप’ या नावाने काम करतो. नाव नोंदवलं की धडे फुकट मिळतात. इंटरनेटवरची माहिती कशी पारखायची हे शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ते एकदा वर्गात घेऊन बघावेत.

आधी मी मुलांना वेगळंच सांगायचे. पान नीट वाचा, शुद्धलेखन बघा, ‘आमच्याविषयी’ उघडा, पत्त्याच्या शेवटी डॉट ऑर्ग असेल तर भरवसा ठेवा. पण डॉट ऑर्ग कोणालाही घेता येतं, आणि ‘आमच्याविषयी’ ज्याचं त्यानेच लिहिलेलं असतं. या धड्यांचा सगळा भर पान सोडण्यावर आहे. अनोळखी पान दिसलं की वाचत बसायचं नाही, दुसरी टॅब उघडायची आणि त्याच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघायचं.

यामागे अभ्यास आहे. वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांच्यापुढे बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं ठेवली आणि कोणतं जास्त भरवशाचं ते विचारलं. एक १९३०पासूनची मोठी संघटना, दुसरी २००२मध्ये तिच्यातून फुटून निघालेला छोटा गट. दोघींची नावं जवळपास सारखी, पानंही तितकीच नीटनेटकी. बरेच विद्यार्थी फसले, काही प्राध्यापकही गोंधळले. तथ्यतपासनीसांनी मात्र लगेच पान सोडलं आणि बाहेर चौकशी केली.

धडे इंग्रजीत आहेत आणि उदाहरणं अमेरिकेची. ती मी बाजूला ठेवली. त्याऐवजी दर दिवाळीला घरोघरच्या व्हॉट्सअॅपवर येणारा ‘नासाने टिपलेला दिवाळीचा भारत’ पडद्यावर लावला. काळ्या नकाशावर निळे, हिरवे, लाल ठिपके. अर्ध्याहून जास्त हात ‘खरा’ म्हणून वर गेले. मग तीन-तीन मुलांना एकेक संगणक दिला आणि सांगितलं, फोटोकडे बघू नका, फोटोबद्दल शोधा. सहा-सात मिनिटांत खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली, “बाई, ही दिवाळी नाहीच! हे रंग वर्षांचे आहेत!” तिला नासाच्याच संकेतस्थळावरचा २०१२चा खुलासा सापडला होता. ते चित्र २००३मध्ये नोआ या अमेरिकी संस्थेच्या ख्रिस एल्विज यांनी वाढती लोकवस्ती दाखवायला बनवलेलं. पांढरे दिवे १९९२च्या आधीचे, निळे १९९२चे, हिरवे १९९८चे, लाल २००३चे. दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून जाणवणारही नाही इतका कमी असतो, हेही त्यात होतं. तिने ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं. वर्ग एकदम शांत झाला, आणि मग मागून प्रश्न आला, “मग आजोबांना आता काय सांगायचं?” त्यावर पुढची दहा मिनिटं गेली आणि ती मला धड्याइतकीच मोलाची वाटली. मोठ्यांना ‘खोटं पाठवलंत’ म्हणायचं नाही, ‘आजोबा, मला यात एक गंमत सापडली, दाखवू का?’ म्हणायचं, असं मुलांनीच ठरवलं.

मराठीत एक अडचण येते, त्याची तयारी ठेवा. मराठीतून शोधलं की कित्येकदा एकच मजकूर पाच-सहा ठिकाणी शब्दशः चिकटवलेला सापडतो, आणि मुलं त्याला पाच-सहा साक्षीदार समजतात. म्हणून मी एक तास स्वतःहून जोडला. दोन पानांची छापील प्रत द्यायची, सारख्या वाक्यांखाली पेन्सिलने रेघ मारायला लावायची. सगळं पान रेघांनी भरलं की पोरांना आपोआप कळतं, हा एकच माणूस बोलतोय.

‘ही माहिती कोणी दिली? पुरावा काय? बाकीचे काय म्हणतात?’ हे धड्यांमधले तीन प्रश्न मी मराठीत करून संगणक कक्षाच्या दारावर लावलेत. विकिपीडिया कसा वापरायचा, यावरचे धडेही घ्या, लेखाच्या तळाशी दिलेले संदर्भ उघडायची सवय त्यातून लागते. आमच्या पस्तीस मिनिटांच्या तासिकेत एक धडा बसत नाही, सलग दोन तासिका मागून घ्या.