‘रिगार्ड’ अंगठी : व्हिक्टोरियाकालीन रीतीची नवी घडण

लंडनच्या हॅटन गार्डन भागातील एका पेढीकडून आमच्या साखरपुड्यासाठी ही अंगठी घडवून घेतली. रूबी, एमराल्ड, गार्नेट, ॲमेथिस्ट, पुन्हा रूबी आणि शेवटी डायमंड असे सहा खडे ओळीने बसवले की त्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांतून ‘रिगार्ड’, म्हणजे आदर, हा शब्द जुळतो. फ्रान्समधून इंग्लंडात आलेली ही रीत तिथे एकोणिसाव्या शतकात चांगलीच रुजली. वाङ्निश्चय होण्याआधी तरुणाने मुलीला फुले, मिठाई किंवा पुस्तक द्यावे, दागिना मात्र देऊ नये, असा सभ्य घरांतला दंडक असल्यामुळे, दागिना देण्याची वेळ येई तेव्हा त्यात मनातले काही गुंफलेले असावे असे वाटणे साहजिकच होते. 1839 मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्वतः अल्बर्टला मागणी घातली. त्याने तिला दिलेल्या सर्पाकृती अंगठीतही तिच्या जन्ममहिन्याचा पाचू होता.

आमच्या अंगठीचे कोंदणकाम उत्तम आहे. कडेचे बारीक दाणे एकसारखे आहेत, खडे बोटाला किंवा लोकरीला अडकत नाहीत, आणि दोन्ही माणकांचा रंग नेमका जुळवलेला आहे. सोने 9 कॅरेटचे आहे. आपल्याकडे 22 कॅरेटची सवय असल्याने घरच्यांना ते फिके वाटले, पण ब्रिटनमध्ये 1854 पासून या कसाला कायद्याची मान्यता आहे, त्यामुळे जुन्या घडणीशी ते विसंगत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्या काळच्या अशा अनेक अंगठ्यांच्या पाठीमागे काचेखाली एक लहानसा कप्पा असे आणि त्यात प्रिय व्यक्तीच्या केसांची बट जपली जाई. इथे तो कप्पा गाळला आहे. त्याहून खटकते ते हे की, ‘रिगार्ड’ हा शब्द वळ्याच्या बाहेरच्या बाजूला ठळक कोरला आहे. जे दोघांनीच ओळखायचे ते चारचौघांना वाचून दाखवले, तर खड्यांचा क्रम लावण्यात अर्थ काय उरतो? शब्द कोरायचाच असेल तर आतल्या बाजूने कोरा, असे मागणी नोंदवतानाच लेखी सांगावे.

पाचूला आघात सोसत नाही, म्हणून भांडी घासताना अंगठी काढून ठेवावी आणि अल्ट्रासॉनिक यंत्रात न घालता कोमट साबणपाण्याने, मऊ ब्रशने स्वच्छ करावी. एवढी काळजी घेण्याची तयारी असणाऱ्यांनी ही अंगठी जरूर घ्यावी.