काका, फीडबॅक टाका

‘काका, नाणं मिळालं ना? ग्रुपवर फीडबॅक टाका.’ मंगळवारी रात्री आमच्या जुन्या नाण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एका विक्रेत्याचा मेसेज आला. पैसे दिल्यापासून त्याने मला लिहिलेलं हे दुसरं वाक्य. पहिलं खोटं होतं, त्याकडे येतोच. मागितलाय तर टाकतो फीडबॅक. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याच्यासारखे दोन-चार तुमच्याही ग्रुपात असतील.

वस्तू म्हणजे शिवराई, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं जुनं नाणं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पती’. त्यातला ‘पती’ दीर्घ, म्हणून तर जीव अडकला. माझ्याकडे ऱ्हस्व ‘पति’च्या अकरा आहेत, पेशवाईतल्या दुदांडी (मध्ये दोन आडव्या रेघा असतात त्या) सात आहेत, पण दीर्घ वेलांटीची एकही नव्हती. ठसे हाताने कोरायचे आणि कोरणारे हात अनेक, त्यामुळे जितके हात तितकं शुद्धलेखन. शाळेत ज्या ऱ्हस्व-दीर्घाला मार्क कापले जायचे, त्याच ऱ्हस्व-दीर्घासाठी आम्ही पेन्शनीतून पैसे मोजतो. बायको हे वाक्य पाहुण्यांना ऐकवते.

आमचा लिलाव रविवारी रात्री नऊला व्हॉट्सॲपवर असतो. माझी शिवराई म्हणजे लॉट १४ (लिलावातली चौदावी वस्तू), बोली ६००पासून. कोणीतरी पन्नास-पन्नासने चढवत होता, मी १,४५०ला थांबवलं. टपालखर्च ८०. एकूण १,५३० रुपये लगेच यूपीआयने पाठवले. त्याचा अंगठा आला. इथपर्यंत सेवा झकास.

मग काही नाही. मी चौथ्या दिवशी विचारलं, आठव्या दिवशी विचारलं. दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. माणूस आजारी असेल, घरात काही झालं असेल, म्हणून गप्प बसावं तर हा रोज सकाळी ग्रुपवर फुलांचं सुप्रभात टाकतोय आणि रविवारी नवे लॉट लावतोय.

अकराव्या दिवशी ते पहिलं वाक्य आलं. ‘स्पीड पोस्ट केलंय काका, पोस्टाचा लोचा आहे.’ सोबत एक नंबर.

आता गंमत बघा. मी कराडला पोस्टाच्या काउंटरवर ३१ वर्षं काढली आहेत. तो नंबर तेरा जागांचा होता, सुरुवातीला दोन अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’. सगळं बरोबर, फक्त सुरुवात ‘आर’ने. ‘आर’ म्हणजे रजिस्टर, तेव्हा ते वेगळं होतं (२०२५मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं). स्पीड पोस्टचा नंबर ‘ई’ने सुरू होतो. तरी टाकून पाहिला. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्याच जिल्ह्यात पोचलेलं कुणाचं तरी पाकीट निघालं. पैशांचा राग तेवढा नव्हता आला, पोस्टावर ढकललं त्याचा आला.

ॲडमिनला सांगितलं. ‘तुमच्या दोघांतला व्यवहार आहे, ग्रुपच्या नियमात लिहिलंय.’ लिहिलंय खरं. एखाद्या मोठ्या संकेतस्थळावरून घेतलं असतं तर ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. आमच्याकडे दाद मागायची ती ॲडमिनकडे, आणि ॲडमिन त्याच्याचकडून होळकरांची नाणी घेतो. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवला होता. लावला नाही. हौसेच्या चार लोकांत तक्रारखोर म्हातारा व्हायचं नव्हतं.

शेवटी पस्तिसाव्या दिवशी, रविवारी, लिलाव रंगात असताना ग्रुपवर एवढंच लिहिलं, ‘लॉट १४ अजून मिळालेला नाही. पैसे पाच आठवड्यांपूर्वी दिले आहेत.’ बोली थांबली. कोणी काही बोललं नाही, पण रात्री अकरापर्यंत तिघांनी मला वेगळे मेसेज केले. एकाचे ३,२०० अडकले होते, एकाची चांदीची दोन नाणी. तिघांचाही समज एकच, की आपल्याच एकट्याशी असं झालंय.

अडतिसाव्या दिवशी पोस्टमन पाकीट देऊन गेला. फोडायच्या आधी सवयीने लेबल वाचलं. बुकिंग सोमवारी सकाळी १०.४०, म्हणजे ग्रुपवर लिहिल्यानंतर अवघ्या तेरा-चौदा तासांनी. वजन २२ ग्रॅम, कागदासकट. पाच आठवडे नाणं त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं. चिठ्ठी नाही, काही नाही.

नाण्याबद्दल मात्र खोटं बोलणार नाही. नाणं अस्सल आहे. भिंगाखाली कडा फिरवून पाहिली, कुठे साच्याची शिवण नाही, पृष्ठभागावर ओतकामाची बारीक भोकं नाहीत. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे टिंबांची कड एकाच बाजूला उतरली आहे, तशीच ती असायला हवी. ‘छ’च्या डोक्यावरचा टोचा फोटोतल्यासारखाच. म्हणजे दाखवलं तेच पाठवलं. माणूस लबाड नाही, हे मान्य केलं की उलट जास्त चीड येते. लबाड असता तर निदान कळलं असतं कशासाठी गप्प बसला ते.

पॅकिंगबद्दल. त्याने नाणं पुठ्ठ्यावर ठेवून वरून सरळ चिकटपट्टी मारली होती, तांब्यावरच. दोन रुपयांचा कागदी होल्डर मिळतो हो. (प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटातही देऊ नका, पीव्हीसी असलं तर काही वर्षांत तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो.) अर्धा तास ॲसिटोनमध्ये बुडवून, सोडवत सोडवत पट्टी काढली. तरी ‘ती’च्या जागची जुनी काळपट झाक तिच्याबरोबर निघून आली आणि खाली लालसर तांबं उघडं पडलं.

तर फीडबॅक हा असा. ती पट्टी मी फेकलेली नाही. उजेडात धरली की तिच्यावर दीर्घ वेलांटी उलटी उमटलेली दिसते.