सर्व्हर बदलताना साइट बंद ठेवावी की दोन्ही सर्व्हर सोबत चालवावेत?
सर्व्हर बदलायचाय, पण गूगलमधलं स्थान घसरेल म्हणून हात अडलाय? पानांचे पत्ते तेच राहणार असतील तर ३०१ रीडायरेक्टची (जुन्या पत्त्यावरून कायमचं नव्या पत्त्यावर पाठवण्याची) गरजच नाही. ठरवायचं ते एवढंच, की साइट थोडा वेळ बंद ठेवून हलवायची की जुना-नवा सर्व्हर काही दिवस सोबत चालवायचा.

खर्चात बंद ठेवणं स्वस्त, दुसऱ्यात दुहेरी भाडं.

धोका मात्र नीट पाहा. बंद काळात सर्व्हरने ५०३ कोड (‘सध्या सेवा बंद’) दिला तर गूगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, नंतर परत येतो. २०० कोडसह (‘सगळं ठीक’) ‘काम चालू आहे’ असं पान ठेवलंत, तर तेच शोधात दिसू लागेल. आणि ५०३ दिवसेंदिवस राहिला तर शोधातून पानं गळू लागतात. सोबत चालवताना ही भानगड नाही. साइटचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं हे डीएनएसमध्ये नोंदलेलं असतं; त्या नोंदीचा टीटीएल (ती इतरत्र किती वेळ साठवून ठेवायची तो काळ) आधीच ३०० सेकंदांवर आणायचा, मग नोंद बदलायची आणि जुन्या सर्व्हरच्या लॉगमधली (भेटींच्या नोंदींमधली) वर्दळ थांबली की तो बंद करायचा. पण डेटाबेस दोन होतात, मधल्या वेळची ऑर्डर जुन्याकडेच अडकते.

(चाचणीसाठी लावलेला नोइंडेक्स, म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’ ही सूचना, काढायचा, हे दोन्हीकडे सारखंच. नेमकं इथेच फसायला होतं.)

लेख, माहिती, क्वचित बदल असतील तर दोन्ही सोबत चालवा. सतत ऑर्डरी येत असतील तर कमी वर्दळीच्या वेळी ५०३ लावून साइट तासभर बंद ठेवणं बरं.