पीएसपीच्या ‘रीॲक्टिव्हेशन’चे पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा

पीएसपी या सोनीच्या हातात धरून खेळायच्या गेम मशीनपायी माझे ११,९९८ रुपये गेले. ज्यासाठी गेले त्यातलं निम्मं फुकट मिळतं आणि उरलेल्यात मोठा भाग बनावट निघाला. घरी पूर्ण आकडा अजून सांगितलेला नाही, सांगायची लाज वाटते. इथे लिहितोय कारण ते मशीन विकणाऱ्या माणसाची जाहिरात अजून चालू आहे.

जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर पीएसपी ३००० दिसला. ‘लाइफटाइम मॉडेड, सगळे इम्युलेटर टाकून मिळेल’ (मॉडेड म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅमही चालतील असं बदललेलं, इम्युलेटर म्हणजे दुसऱ्या मशीनचे गेम चालवणारा प्रोग्रॅम), किंमत ८,२०० रुपये. नव्वदच्या दशकातले पिवळ्या कॅसेटचे गेम आणि हौशी प्रोग्रॅमरांनी बनवलेलं होमब्रू त्यावर चालवायचं, एवढीच माझी इच्छा होती. त्यावर ‘ओरिजिनल सोनी १२८ जीबी प्रो ड्यूओ’ मेमरी कार्डाचे आणखी १,८०० घेतले. सोनीचं प्रो ड्यूओ ३२ जीबीच्या वर कधी आलंच नाही, हे मला नंतर कळलं. आलेल्या कार्डात साधारण ८ जीबी भरलं की पुढची प्रत्येक फाइल ‘करप्टेड’ दिसायची. कार्ड हातात पडलं की आधी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हा कार्डाची खरी क्षमता तपासणारा प्रोग्रॅम चालवा आणि मगच ‘माल मिळाला’ म्हणा.

पण कार्ड ही किरकोळ गोष्ट. खरा डाव पुढे होता.

कुरिअर निघायच्या आधी विक्रेत्याचा फोन आला. “दादा, फक्त एक पाळा. मशीन पूर्ण बंद करायचं नाही, स्लीपवरच ठेवायचं. बॅटरी संपू द्यायची नाही.” हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. जाहिरातीत ‘लाइफटाइम’ लिहिलंय आणि फोनवर सांगतोय की बंद करू नका! तिथेच विचारायला हवं होतं, “का?” मी “बरं” म्हणालो.

कारण साधं आहे. या मॉडेलवर कस्टम फर्मवेअर (मशीनचं मूळ सॉफ्टवेअर बदलून केलेलं) नेहमीच्या पद्धतीने टाकलं तर ते फक्त रॅममध्ये राहतं. मशीन पूर्ण बंद झालं की ते पुसलं जातं आणि खाली सोनीचं मूळ फर्मवेअर ६.६१ उरतं. मग गेम मेनूत जाऊन ‘फास्ट रिकव्हरी’ उघडायचं, काही सेकंदांत सगळं जागेवर येतं. त्या माणसाने नेमकं ‘फास्ट रिकव्हरी’चंच फोल्डर काढून मशीन पाठवलं होतं.

बॅटरी संपणारच होती, संपली. इम्युलेटर उघडला की ८००२०१४८ हा एरर. फोन केला तर म्हणाला, “लायसन्स उडालं दादा, रीॲक्टिव्हेशन करावं लागेल, ४९९.” पैसे पाठवल्यावर एक झिप आली. पीएसपी फोल्डरमधल्या गेममध्ये टाका, एकदा चालवा आणि लगेच डिलीट करा, नाहीतर मशीन ब्लॉक होईल. मी डिलीट केलं. फाइल माझ्या हातात होती, नाव समोर दिसत होतं, दोन मिनिटं शोधलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं! पुढच्या वेळी त्याने ‘वर्षाचा प्लॅन’ काढला, १,४९९ रुपये. तेही दिले.

कुणी म्हणेल, इतकं कसं कळलं नाही. मी कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस आहे. अँटीव्हायरसचे पैसे दरवर्षी भरतो, अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचं नूतनीकरण करतो. लायसन्स संपतं आणि पैसे भरावे लागतात, हे माझ्यासाठी रोजचं आहे. त्याने तेच हेरलं. शेवटी ओळखीच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने मशीन बघितलं आणि विचारलं, “पैसे? कशाचे?” प्रो आणि एआरके-४ ही कस्टम फर्मवेअर, जीपीएसपीसारखे इम्युलेटर, सगळं फुकट आहे. फर्मवेअर कायमचं बसवणारं इन्फिनिटीसुद्धा फुकट. हे त्या विक्रेत्याला सुनावलं तर त्याने नंबर ब्लॉक केला.

मग सुरू झाले हेलपाटे. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. ॲपवाल्यांकडून छापील उत्तर आलं, व्यवहार ॲपच्या बाहेर झाला आहे. अरे, पण जाहिरात तुमच्याकडे आहे ना? ती तरी उतरवा! पोलीस ठाण्यात अर्ज हातात घ्यायलाच तयार नव्हते. “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?” बनावट कार्ड टेबलावर ठेवलं तर म्हणाले, दिवाणी मामला आहे, वकील बघा. दुसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी ऐकवलं, “या वयात गेम खेळता?” चोराला मोकळं सोडायचं आणि तक्रारदाराचं वय काढायचं! बारा हजार ही रक्कम तुम्हाला किरकोळ वाटत असेल, माझ्या पगारातून ती गेली आहे. असेच पन्नास जण गप्प बसले की त्या माणसाचा धंदा होतो, हे खाकीतल्या माणसाला मी समजावून सांगायचं?

पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी उशीर केला. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याचे व्हॉइस मेसेज जपून ठेवा, तो मागून पुसतो.

पीएसपीचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं, त्यामुळे ‘सीलपॅक’ म्हणणाऱ्याशी बोलूच नका. व्हिडिओ कॉलवर मशीन पूर्ण बंद करून परत चालू करायला लावा आणि सिस्टिम इन्फर्मेशन दाखवायला सांगा. नुसतं ६.६१ दिसलं तर ‘लाइफटाइम’ खोटं. मागचं झाकण फुगलेलं असेल तर बॅटरी गेलेली आहे, तीही किमतीतून वजा करा. आणि इम्युलेटर, होमब्रू किंवा फर्मवेअर यांच्यासाठी कुणी एक रुपया जरी मागितला, तरी फोन तिथेच ठेवा.