फादर ब्राउन की ब्रदर कॅडफेल: आधी कोण वाचावं?

धर्मगुरूच गुन्ह्याचा छडा लावतो अशी रहस्यमालिका वाचायची म्हटली, की दोन नावं हमखास पुढे येतात: जी. के. चेस्टरटनचा फादर ब्राउन आणि एलिस पीटर्सचा ब्रदर कॅडफेल. एकेक कथा म्हणून पाहिलं तर ब्राउनला तोड नाही. पण मालिका म्हणून माझा कौल कॅडफेलला.

ब्राउनच्या पन्नासेक लघुकथा आहेत, १९११ ते १९३५ या काळात पाच संग्रहांत आलेल्या. पहिलीच कथा घ्या, 'द ब्लू क्रॉस'. पॅरिसचा नामांकित पोलीस अधिकारी लंडनमध्ये एका अट्टल चोराच्या मागावर आहे. एका उपाहारगृहात तो कॉफीत साखर घालतो, तर ते निघतं मीठ. चौकशी केल्यावर कळतं, की सकाळी दोन पाद्री आले होते आणि त्यातल्या बुटक्यानं जाता जाता भिंतीवर सूप फेकलं. भोळसट दिसणारा धर्मगुरू असं का वागेल? उत्तर कळतं तेव्हा कथा पुन्हा पहिल्यापासून वाचावीशी वाटते.

ब्राउन पुराव्यापेक्षा माणसाच्या मनातून गुन्ह्यापर्यंत पोचतो. वर्षानुवर्षं लोकांची कन्फेशन्स, म्हणजे पापांची कबुली, ऐकलेला हा माणूस खुन्याच्या जागी स्वतःला इतका उभा करतो, की खून आपणच केला असं त्याला वाटू लागतं. गुन्हेगाराला पकडून देण्यापेक्षा त्याला माणसात आणण्याची त्याला जास्त ओढ असते. मात्र त्याचं घर, शेजारपाजार, गेलेली वर्षं यातलं फारसं काही हाती लागत नाही. आणि एक सांगायलाच हवं: त्या काळातले वंशाबद्दलचे पूर्वग्रह या कथांत आहेत. 'द राँग शेप'मध्ये भारतीय माणसाचं आणि पौर्वात्य कलेचं जे चित्र आहे, ते आपल्याला खटकतंच.

कॅडफेलचं जग भरलेलं आहे. १९७७ ते १९९४ दरम्यान आलेल्या २० कादंबऱ्या आणि तीन लघुकथांचा एक संग्रह. बाराव्या शतकातलं इंग्लंड, वेल्सच्या सीमेजवळच्या श्रूजबरीचा बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा मठ, आणि बाहेर राजा स्टीफन व सम्राज्ञी मॉड यांच्यातलं यादवी युद्ध. कॅडफेल वेल्श. धर्मयुद्धात लढून, समुद्र पालथे घालून चाळिशीनंतर मठात आलेला. तो औषधी वनस्पतींचे वाफे राखतो, काढे आणि मलमं करतो. 'माँक्स-हूड' या तिसऱ्या कादंबरीत तर खुनासाठी त्यानंच बनवलेलं सांधेदुखीचं तेल वापरलं जातं. ते आपल्या बचनागाच्या जातकुळीतल्या वनस्पतीचं. लावायला औषध, पोटात गेलं तर विष.

दुसऱ्या कादंबरीत, 'वन कॉर्प्स टू मेनी'मध्ये, राजानं किल्ला जिंकून ९४ जणांना फाशी दिलेलं असतं. त्यांना सन्मानानं मूठमाती मिळावी म्हणून कॅडफेल प्रेतं मोजतो, तर भरतात ९५. एवढ्या मरणांत एक खून लपवला तर कोण विचारणार? कॅडफेल विचारतो. मला तो तिथेच कायमचा आवडला.

कॅडफेलचा वेग संथ आहे आणि बहुतेक पुस्तकांत एखादं तरुण प्रेमी जोडपं असतंच, त्यामुळे सराईत वाचकाला काही अंदाज लवकर येतात. पण माणसं वाढतात, लग्नं होतात, मठाधिपती बदलतो. म्हणून ही पुस्तकं क्रमानं वाचा. ब्राउन कुठूनही उघडा. फक्त सलग नको, रात्री एकच कथा. चेस्टरटनच्या विरोधाभासांनी लागोपाठ वाचताना दमछाक होते.

बीबीसीची २०१३ पासूनची 'फादर ब्राउन' मालिका पाहून पुस्तकाकडे वळत असाल, तर जपून. ती १९५० च्या दशकातल्या एका गावात घडते आणि तिच्यातल्या बहुतेक गोष्टी नव्या रचलेल्या आहेत. तेच गाव, तीच ओळखीची माणसं हे तुम्हाला आवडलं असेल, तर ते मूळ ब्राउनपेक्षा कॅडफेलमध्ये जास्त सापडेल.

खर्चाचं म्हणाल तर चेस्टरटन १९३६ साली वारला, त्यामुळे भारतात त्याचं लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि मूळ इंग्रजी कथा इंटरनेटवर फुकट मिळतात. कॅडफेल विकत घ्यावा लागेल किंवा वाचनालयात शोधावा लागेल. एकच पुस्तक घेऊन पाहायचं असेल, तर ते ९५ प्रेतांचं घ्या.