दांडिया बाजारातलं पोस्टर प्रिंटचं दुकान, ग्राफवाल्यांनी इथेच जा

बडोद्यात ए-झीरो पोस्टर छापणारे पुष्कळ आहेत पण ग्राफ वाचून छापणारे मला हे एकच काका भेटले.

माझं एमएस्सीचं पोस्टर रिडबर्ग रेणूंवर होतं. म्हणजे अतिथंड रुबिडियमचा एक अणू लेझरने 35व्या ऊर्जा लेव्हलच्या आसपास न्यायचा, मग त्याचा इलेक्ट्रॉन शंभरेक नॅनोमीटर लांब फिरतो आणि त्या पसाऱ्यात दुसरा साधा अणू अडकतो. इलेक्ट्रॉन त्या साध्या अणूवर विखुरतो, त्यातनंच बाँड होतो, आणि इथे सगळा खेळ स्पिनचा आहे (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगचाच फिरकीसारखा गुण), त्या इलेक्ट्रॉनचा आणि साध्या अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा स्पिन जुळून ट्रिप्लेट झाला तर स्कॅटरिंग लेंग्थ, म्हणजे ओढ किती ते सांगणारा आकडा, उणे 16 बोर त्रिज्यांच्या (अणूंच्या मापाचं एकक) आसपास म्हणजे जोरदार ओढ, आणि स्पिन उलटे म्हणजे सिंग्लेट असेल तर शून्याच्या जरासं वर. त्यात साध्या अणूचं हायपरफाइन, म्हणजे त्याच्या इलेक्ट्रॉनच्या आणि केंद्रकाच्या स्पिनचा एकमेकांवरचा परिणाम, या ट्रिप्लेट-सिंग्लेटला मिसळून टाकतं, म्हणून ऊर्जेच्या ग्राफवर दोन रेषा येतात, एकीला खोल खड्डा आणि एकीला उथळ. तो उथळ खड्डा म्हणजेच माझं पोस्टर!

आधी दुसऱ्या एका दुकानात छापलं तर दोन्ही रेषा सारख्याच जांभळ्या आणि उथळ खड्डा दिसेचना, वर म्हणाले फाइलच तशी आहे. पैसे गेले, रडू यायचं बाकी होतं.

इथे काकांनी पेनड्राइव्ह लावून पहिलं विचारलं, "बाळा, यातलं काय दिसलंच पाहिजे?" मी बोट ठेवलं. त्यांनी जेपीजी नको, पीडीएफ आण म्हटलं, मग समोर बसवून एक रेष नारिंगी, एक गडद निळी, उथळ खड्ड्याचा भाग वेगळा मोठा करून शेजारी, आणि आधी ए-फोरवर ट्रायल काढून उजेडात नेऊन दाखवली. ट्रायलचे पैसे घेतले नाहीत. ग्रीन, डिकिन्सन, सादेघपूर यांनी 2000 साली सांगितलेल्या ट्रायलोबाइट रेणूचं (ज्याचा इलेक्ट्रॉनचा पसारा ट्रायलोबाइट जीवाश्मासारखा दिसतो तो रिडबर्ग रेणू) चित्र होतं ना, त्यातल्या बारीक लाटासुद्धा मॅट कागदावर सुट्या सुट्या आल्यात, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते म्हणून काकांनीच नको म्हटलं.

पोस्टर बघायला बाहेरून आलेले सर थेट त्या उथळ रेषेपाशी थांबले आणि हायपरफाइनबद्दलच विचारलं. दहा मिनिटं बोललो आम्ही!

दुपारी एक ते चार बंद असतं, गाडी लावायला जागा नाही, सबमिशनच्या आठवड्यात दोन दिवस आधी फाइल द्या. फॉन्ट एम्बेड करून न्या, नाहीतर ग्रीक अक्षरांचे चौकोन होतात.