डाळ मिलच्या परवान्यासाठी १ लाख ६५ हजार दिले, हातात आली खोटी सनद

लातूर जिल्ह्यात तुरीचं पीक घेणाऱ्या घरात मिनी डाळ मिलचा विचार कधी ना कधी निघतोच. आमच्याकडे तो २०२२ च्या पावसाळ्यात पक्का झाला. गावठाणाला लागून सासऱ्यांच्या नावावर दहा गुंठे आहेत, रस्त्याला तोंड आहे. तिथं पत्र्याचं शेड टाकायचं, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या पद्धतीची पीकेव्ही मिनी डाळ मिल बसवायची आणि केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून कर्ज घ्यायचं, असं ठरलं. या योजनेत तेव्हा ३५ टक्के अनुदान होतं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. बँकेनं पहिल्याच भेटीत सांगितलं, जागेचं एनए, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा कागद, आणि बांधकाम परवानगी आणा, मग पुढचं बोलू.

हे कागद काढून देतो म्हणणारा तो माणूस आम्हाला तहसीलबाहेर भेटला. झेरॉक्सच्या दुकानासमोरच्या बाकावर बसलेला, बगलेत फायलींचा गठ्ठा. येणारा-जाणारा प्रत्येक शिपाई त्याला हाक मारत होता, त्यामुळे तो आतलाच वाटायचा. सासऱ्यांना पहिल्या वाक्यापासून मामा, मला ताई. "मामा, या उन्हात तुम्ही कशाला चकरा मारता? सही करून द्या, कागद घरी आणून देतो."

त्याची खरी हुशारी दिसली ती सातबारा हातात घेतल्यावर. म्हणाला, "मामा, ही तर कुळाची जमीन हाय. नजराणा भरल्याबिगर एनए व्हत नसतंय." नजराणा म्हणजे अशा जमिनीसाठी सरकारला भरायची रक्कम. बाहेरच्या लोकांना या वाक्याचं वजन कळणार नाही. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीतल्या इनाम आणि कुळाच्या जमिनींचे प्रश्न अजून कित्येक घरांत जिवंत आहेत. १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा आमच्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतो, कारण त्याच्यावर घरं उभी राहिली आणि मोडलीही. आजेसासऱ्यांनी एकेकाळी दुसऱ्याची जमीन कुळानं केली होती, हे गावात सगळ्यांना माहीत. ती जमीन वेगळी, शिवाराच्या दुसऱ्या टोकाला. पण नजराण्याचं नाव काढताच सासऱ्यांचा चेहरा उतरला आणि त्यानं ८५ हजार सांगितले.

सातबाऱ्यावर वरच्या बाजूला भूधारणा पद्धती छापलेली असते. आमच्या त्या गटाच्या सातबाऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं, भोगवटादार वर्ग १. वर्ग १ म्हणजे पूर्ण मालकीची जमीन. नजराण्याचा प्रश्न वर्ग २ च्या, म्हणजे सरकारी अटी असलेल्या जमिनीला येतो. तुमच्या हातात आज सातबारा असेल तर आधी ही ओळ वाचा. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला घाबरवायला याच्याइतकं सोपं हत्यार दुसरं नाही.

पुढे पैसे तुकड्यातुकड्यानं गेले. एनएच्या चलनाचे ३८,५००, शेडचा नकाशा मंजूर करायचे ३० हजार, फूड लायसनचे १० हजार आणि उद्यम नोंदणीचे, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचे १,५००. यातली शेवटची दोन कामं मी पुढं स्वतः केली. उद्यम नोंदणीला सरकार एक रुपयाही घेत नाही, आधार आणि पॅन लागतं, बस. फक्त पत्ता gov.in नं संपणारा आहे का ते बघायचं, कारण तसल्याच दिसणाऱ्या खाजगी साइट फी मागतात. अन्न नोंदणीला, वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर, तेव्हा वर्षाला १०० रुपये लागत होते. त्यानं त्याचे दहा हजार घेतले.

प्रत्येक वेळी व्हॉट्सॲपवर पावतीचा फोटो यायचा. सरकारी चलन, वर बारकोड, त्याखाली एमएच नं सुरू होणारा लांबलचक जीआरएन, म्हणजे चलनाचा सरकारी नंबर, सासऱ्यांचं नाव, रक्कम. फोटो नेहमी खालून कापलेला. मी पीडीएफ मागितली की उत्तर ठरलेलं, "ताई, ओरिजनल साहेबांच्या फायलीला लावलं." दिवाळीनंतर एनएची सनद आली. जाड कागद, गोल शिक्का, सही आणि जावक क्रमांक. सासऱ्यांनी ती देवघरात ठेवली. त्या भरवशावर आम्ही शेडचा पाया खोदला आणि मशीनचा ॲडव्हान्स दिला.

मग कागद घेऊन बँकेत गेलो. तिथल्या कर्ज विभागाच्या मॅडमनी आमच्यासमोरच ग्रास ही सरकारी चलनांची साइट उघडली आणि चलनावरचा जीआरएन टाकला. स्क्रीनवर नाव भलत्याच माणसाचं आलं. रक्कम ५०० रुपये, कारण मुद्रांक शुल्क. कुणाच्या तरी खऱ्या चलनावर आमचं नाव आणि आकडा चढवला होता. चलनाच्या खालच्या भागात रक्कम अक्षरी लिहिलेली असते, ती पाचशेचीच राहिली असणार, म्हणून तर फोटो खालून कापलेले! मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, आधी तहसीलमध्ये जावक रजिस्टर बघून या."

रजिस्टरमध्ये तो क्रमांक होता. त्याच तारखेला, त्याच क्रमांकावर एका ग्रामपंचायतीला गेलेलं स्मरणपत्र नोंदलेलं होतं. आमच्या नावानं तिथं अर्जच दाखल नव्हता. नकाशावर ज्या इंजिनिअरचा शिक्का होता त्यांना फोन केला, तर त्यांनी आमच्या गावाचं नावही ऐकलेलं नव्हतं. म्हणजे त्यानं काम अर्धवट सोडलं असंही नाही. त्यानं काम सुरूच केलं नव्हतं. चार महिने तो फक्त कागद छापत होता.

या सगळ्यात एक हंगाम गेला. जानेवारीत तूर घरात आली तेव्हा मशीन दुकानदाराच्या गोदामात होतं आणि पाया उघडा पडला होता. भाव पडलेला नव्हता, पण डाळ करून विकायची ती कच्ची तूर आडतीवर घालावी लागली.

पोलिसांत आधी नुसता तक्रारी अर्ज ठेवून घेतला. "पैशाची देवाणघेवाण आहे, दिवाणी मामला आहे," असं सांगितलं गेलं. हे तुम्हालाही ऐकवलं जाईल. तिथं अडू नका. खोटी सनद आणि खोटं चलन ही बनावट कागदपत्रं आहेत आणि तो फौजदारी गुन्हा आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर तक्रार लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. आम्ही तसं केलं आणि त्यानंतर ४२०, ४६८, ४७१ ही कलमं लावून गुन्हा दाखल झाला. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, तिथं फसवणुकीला कलम ३१८ आणि बनावट कागदाला ३३६ व ३४० आहे. आमच्या बाजूनं सगळ्यात उपयोगी पडली ती एकच गोष्ट. नजराण्याचे पैसे रोख गेले होते, पण बाकीचे त्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर फोन पे नं गेले होते. ते खातं पोलिसांनी गोठवलं. रोखीचे ८५ हजार मात्र तो सरळ नाकारतो.

एनए आम्ही नंतर रीतसर केलं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन असेल आणि प्रादेशिक योजनेत त्या वापराला मुभा असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ ड खाली तेव्हा सोय होती. तहसील हिशोब करून रक्कम कळवतं, ती आपण स्वतः चलनानं भरायची. नियम तेव्हापासून बदलत आले आहेत, म्हणून आजची पद्धत कार्यालयातून लेखी विचारून घ्या. योजनेच्या कामाला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन योजनेतून निघतं, अर्जदारानं त्यांना काही द्यायचं नसतं. प्रकल्प अहवालापासून बँकेपर्यंत आमचं काम त्यांनीच केलं. कार्यालयातलाच कुणी पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

तपासात कळलं की आमच्या सनदेवरचा जावक क्रमांक आणखी दोन घरांच्या सनदेवर आहे. एकानं त्यावर दुकानाचे गाळे बांधलेत, दुसऱ्यानं ती गहाण ठेवायला काढली होती. दोघंही जबाब द्यायला तयार नाहीत, आपलं बांधकाम पाडतील या भीतीनं. तो माणूस जामिनावर बाहेर आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी बाकावरच्या माणसाकडून एनए करून घेतलं असेल, तर सनद घेऊन तहसीलच्या जावक रजिस्टरवर तो क्रमांक आजच पडताळा आणि चलनाचा जीआरएन ग्रासवर टाकून बघा. जुळलं नाही तर पोलिसांत जबाब द्यायला या. आणखी तक्रारदार आले तर खटल्याला बळ येतं, आणि त्या दोन घरांनाही सोबत मिळेल.